कोणत्या भिंतीला कोणतं फिनिश?

आमच्या जवाहरनगरला, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये, दिवाळी जवळ आली की घरोघरी एकच चर्चा : रंग कोणता लावायचा? मी म्हणतो, आधी फिनिश ठरवा. फंडा सोपा आहे. पेंटमध्ये बाइंडर कमी आणि रंगद्रव्य जास्त असलं की मॅट फिनिश मिळतं. बाइंडर वाढला की चमक वाढते आणि भिंत पुसताही येते.

म्हणून छताला मॅट. प्लास्टरचे उंचवटे लपतात. बैठकीला सॅटिन. स्वयंपाकघरात फोडणीचे डाग पुसायचे असतात, तिथे सेमी-ग्लॉस. दारं-खिडक्यांना ऑइल पेंट. पण ओल येणाऱ्या भिंतीला ऑइल पेंट नको. आतला ओलावा अडकतो आणि पोपडे सुटतात. आधी गळती थांबवा, भिंत वाळू द्या.

आणखी एक. घरगुती रंगांत शिसं जास्तीत जास्त ९० पीपीएम, हा नियम २०१७ मध्ये लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं बरंच असू शकतं. असं जुनं दार कोरड्या पॉलिश पेपरने घासू नका. ओलं करून घासा, धूळ ओल्या फडक्याने टिपा आणि लहान मुलांना लांब ठेवा. शिशामुळे त्यांच्या मेंदूला होणारी इजा भरून निघत नाही.