ब्राउझरचा अपडेट : रिलाँच होईपर्यंत काम अर्धंच



बोटीची नोंदणी नि परवाना रिअलक्राफ्टवर, मच्छीमार म्हणून आपली नोंद नॅशनल फिशरीज डिजिटल प्लॅटफॉर्मवर, पैशांचे व्यवहार बँकेच्या साइटवर. पूर्वी ज्या कामासाठी पणजीला खेपा घालाव्या लागत, त्यातलं बरंचसं आता सोसायटीतल्या किंवा घरच्या संगणकावर होतं. ही सगळी कामं ज्यातून होतात तो ब्राउझर. क्रोम, एज, फायरफॉक्स हे सगळे ब्राउझरच. आपला आधार नंबर, बँकेचा पासवर्ड, बोटीचे कागद याच वाटेने जातात-येतात.

या ब्राउझरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात अधूनमधून अपडेटची सूचना येते. बरेच जण ‘मागाहून बघू’ म्हणून ती तशीच ठेवतात. अपडेट म्हणजे नेमकं काय, तो का लांबवू नये आणि तो खरा की खोटा हे कसं ओळखायचं, एवढंच आजच्या पाठात बघू.

अपडेटमध्ये असतं काय?

तीन प्रकारच्या गोष्टी असतात.

पहिली, सुधारणा. म्हणजे नवीन सोय. उदाहरणार्थ, २०२२ च्या डिसेंबरपासून क्रोममध्ये ‘मेमरी सेव्हर’ आला. आपण दहा-बारा टॅब उघडे ठेवतो, त्यातले बराच वेळ न वापरलेले टॅब तो झोपवतो आणि संगणकाची मेमरी मोकळी करतो. आपल्याकडच्या जुन्या, कमी मेमरीच्या संगणकांना याचा चांगला उपयोग होतो. झोपवलेल्या टॅबवर परत गेलं की पान पुन्हा लोड होतं.

दुसरी, बग दुरुस्त्या. बग म्हणजे इंग्रजीत किडा. संगणकाच्या आज्ञावलीत राहून गेलेल्या चुकीला हा शब्द वापरतात. १९४७ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू संगणकात खराखुरा पतंग अडकलेला सापडला होता आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला होता. शब्द मात्र त्याच्या आधीपासून चालत आलेला. छापताना पान अर्धंच येणं, बटण दाबलं तरी काही न होणं, ब्राउझर आपोआप बंद पडणं, हे बगचे प्रकार.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, सुरक्षेच्या दुरुस्त्या. साधा बग म्हणजे खणाचं झाकण नीट न बसणं. त्रास होतो, पण बोट चालते. सुरक्षेचा बग म्हणजे पाण्याखालच्या फळीतलं भोक. वरून काहीच दिसत नाही, आणि ते ज्याला ठाऊक आहे तो तिथूनच आत शिरतो.

एका फोटोची गोष्ट

खरं घडलेलं उदाहरण घेऊ. साइटवरचे फोटो लवकर उघडावेत म्हणून गूगलने २०१० साली ‘वेबपी’ हा फोटोचा नवा प्रकार काढला. असे फोटो उघडून दाखवणारी ‘लिबवेबपी’ नावाची आज्ञावली क्रोम, एज, फायरफॉक्स, ऑपेरा अशा सगळ्याच मोठ्या ब्राउझरांनी आपल्यात बसवली. त्या आज्ञावलीत मोजमापाची एक चूक राहून गेली होती.

फोटो उघडताना संगणक मेमरीत ठरावीक जागा राखून ठेवतो. मुद्दाम बिघडवून तयार केलेला फोटो आला, तर त्यातली माहिती त्या जागेत मावत नसे आणि शेजारच्या जागेत सांडत असे. समजा, मासळीचा खण चाळीस क्रेटचा आहे आणि कोणी त्यात पन्नास क्रेट माल ओतला. वरचा माल ओसंडून शेजारच्या इंजिनाच्या खोलीत जाणार. संगणकात काय ओसंडणार हे फोटो बिघडवणारा ठरवू शकतो, म्हणून आपल्या संगणकाकडून त्याला हवं ते काम करून घेण्याची वाट त्याला मिळते.

ही चूक ॲपलच्या सुरक्षा विभागाने आणि कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने ६ सप्टेंबर २०२३ रोजी गूगलला कळवली. ११ सप्टेंबरला क्रोमची दुरुस्त आवृत्ती आली, दुसऱ्या दिवशी फायरफॉक्सची. या भोकाचा गैरवापर करणारं साधन बाहेर फिरत आहे, हे गूगलने तेव्हाच सांगून टाकलं होतं. यात माणसाने काही डाउनलोड करायची गरज नव्हती. तसा फोटो असलेलं पान उघडलं तरी पुरे होतं. ‘मी कुठल्याच अनोळखी फाइलवर क्लिक करत नाही’ ही सवय चांगलीच आहे, पण अशा वेळी तेवढ्याने भागत नाही.

आता आवृत्तीचा नंबर बघा. दुरुस्त क्रोमचा नंबर होता ११६.०.५८४५.१८७. पहिला आकडा मोठ्या आवृत्तीचा, शेवटचा छोट्या दुरुस्तीचा. या वेळी पहिला आकडा ११६ तसाच राहिला, शेवटचा तेवढा बदलला. ब्राउझर दिसायला होता तसाच होता. पण एवढं मोठं भोक बुजवलं गेलं होतं. म्हणून ‘अपडेट केला पण नवीन काहीच दिसलं नाही’ अशी तक्रार करू नका. फळीचं भोक बुजवलं म्हणून बोटीचा रंग बदलत नाही.

घाई कशासाठी?

अपडेट बाहेर पडला की दुरुस्ती कुठे झाली हे चोरांनाही शोधता येतं. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी-शेजारी ठेवून काय बदललं ते ते तपासतात. म्हणून बहुतेक लोकांचा अपडेट होईपर्यंत क्रोमवाले अशा बगचा पूर्ण तपशील उघड करत नाहीत. म्हणजे अपडेट आल्यानंतरचे काही दिवस हे, ज्याने तो घेतला नाही त्याच्यासाठी जास्त धोक्याचे असतात.

याच कारणाने अपडेटही आता लवकर लवकर येतात. २०२१ मध्ये क्रोमने मोठ्या आवृत्तीचा काळ सहा आठवड्यांवरून चार आठवड्यांवर आणला, आणि ऑगस्ट २०२३ पासून मधल्या आठवड्यांतही सुरक्षेच्या दुरुस्त्या येऊ लागल्या. ‘सारखं सारखं काय अपडेट’ असं वाटतं खरं, पण त्यामागे हा हिशोब आहे.

अपडेट आला, पण लागला का?

इथेच बहुतेकांचं काम अर्धवट राहतं. ब्राउझर नवीन अपडेट मागच्या मागे आपणहून उतरवून घेतो. पण जो ब्राउझर आपल्यासमोर उघडा असतो तो जुन्याच आज्ञावलीवर चालू राहतो. तो बंद करून पुन्हा उघडला, म्हणजेच रिलाँच केला, की नवीन आवृत्ती चालू होते. लॅपटॉपचं झाकण मिटलं म्हणजे ब्राउझर बंद झाला असं नाही, तो नुसता झोपतो. महिनाभर फक्त झाकण उघडझाप करणाऱ्याचा अपडेट महिनाभर दाराशीच उभा असतो.

तपासायची रीत अशी :

१. क्रोम : वर उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करा, मग ‘हेल्प’, मग ‘अबाउट गूगल क्रोम’. पान उघडताच तो स्वतः तपासतो. ‘रिलाँच’ बटण दिसलं तर दाबा.

२. एज : तीन टिंबं, ‘हेल्प अँड फीडबॅक’, ‘अबाउट मायक्रोसॉफ्ट एज’, मग ‘रीस्टार्ट’.

३. फायरफॉक्स : तीन आडव्या रेघा, ‘हेल्प’, ‘अबाउट फायरफॉक्स’, मग रीस्टार्टचं बटण.

रिलाँच करण्याआधी एक काळजी घ्या. अर्धा भरलेला फॉर्म असेल तर तो आधी सेव्ह करा किंवा पूर्ण पाठवा. साधे टॅब परत उघडतात, पण त्यात भरलेली माहिती राहीलच असं नाही. ‘इन्कॉग्निटो’ खिडकीतले टॅब तर परत येतच नाहीत. म्हणून हे काम फॉर्म भरायला बसण्यापूर्वी करणं बरं.

खोटा अपडेट कसा ओळखायचा?

लोकांना अपडेटचं महत्त्व पटलं, तसे चोरही त्याचाच आमिषासारखा वापर करू लागले. एखादी साइट उघडली की पानभर मोठी सूचना येते : ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, लगेच अपडेट डाउनलोड करा’. खाली मोठं बटण. ते दाबलं की फाइल उतरते आणि तीच फाइल घात करते.

नियम साधा आहे. खरा अपडेट ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूत मिळतो, साइटच्या पानावर नाही. अशी सूचना दिसली तर ते पान बंद करा आणि वर दिलेल्या रीतीने स्वतः तपासा. अपडेट खरंच असेल तर तिथे दिसेलच. व्हॉट्सॲपवर आलेली अपडेटची लिंक, फोनवरून ‘मी सांगतो ते डाउनलोड करा’ म्हणणारा माणूस, यांनाही हाच नियम लावा.

कुलूप गेलं कुठे?

आपण सगळ्यांना शिकवत आलो की पत्त्याच्या डावीकडे कुलूप दिसलं तरच साइटवर माहिती भरा. क्रोमने सप्टेंबर २०२३ च्या ११७ व्या आवृत्तीत संगणकावरचं ते कुलूप काढून तिथे दोन आडव्या सरकपट्ट्यांसारखं चिन्ह आणलं. ब्राउझर बिघडला असं समजू नका. कुलपाचा अर्थ इतकाच होता की आपल्या संगणकापासून त्या साइटपर्यंत माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे, असं ते कधीच सांगत नव्हतं. फसव्या साइटही तेच कुलूप लावत. गूगलच्याच एका पाहणीत फक्त ११ टक्के लोकांना कुलपाचा नेमका अर्थ सांगता आला होता.

तेव्हा आता कुलपावर विसंबू नका, साइटचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. केंद्र आणि राज्य सरकारच्या साइटचा पत्ता बहुधा ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट निक डॉट इन’ असा संपतो. हे शब्द पत्त्याच्या मधे कुठेतरी घुसवलेले असतील आणि शेवट वेगळाच असेल, तर थांबा.

जुना संगणक असेल तर

विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० व्या आवृत्तीपासून विंडोज १० किंवा त्यापुढचं लागतं. म्हणजे विंडोज ७ वरच्या क्रोमला वर सांगितलेल्या फोटोच्या भोकाची दुरुस्ती मिळालीच नाही. असा संगणक हिशोब लिहायला, पत्रं टाइप करायला ठेवा. बँकेचं आणि परवान्याचं काम त्यावर करू नका. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हे नवीन-जुना संगणक विकत घेताना ध्यानात ठेवा.

इंटरनेट एक्सप्लोररची तर १५ जून २०२२ लाच निवृत्ती झाली. एखादी जुनी साइट त्याच्याशिवाय चालत नसेल, तर एजमध्ये ‘आयई मोड’ आहे, तो त्या साइटपुरताच वापरा.

आता काय करायचं?

१ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात आपण बोट वर ओढतो, तळ खरवडतो, सांधे बघतो, मगच ती पाण्यात सोडतो. ब्राउझरला अशी वर्षातून एकदाची डागडुजी पुरत नाही, त्याला दर आठवड्याला दोन मिनिटं लागतात. एक ठरलेला वार धरा. घरात शिकणारी मुलगी-मुलगा असेल तर हे काम त्यांच्यावर सोपवा, पण आवृत्तीचा नंबर आणि तारीख वहीत लिहायला सांगा, म्हणजे झालं की नाही ते कळतं.

आणि एवढं करूनही कुणाच्या खात्यातून पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितकं लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

ज्यांना हे घरी जमत नसेल त्यांनी लॅपटॉप घेऊन सोसायटीच्या कामाच्या वेळेत यावं. तुमच्याच हाताने करून घेऊ, म्हणजे पुढच्या वेळी यायला नको.

आपला,
सचिव