ओढ्यातील अनोळखी पाषाणाची ओळख
(सामान्य विज्ञान व परिसर अभ्यास : इयत्ता ५ वी ते ७ वीसाठी पाठ-टिपण)

पावसाळा सरून ओढ्याचे पाणी उतरले, म्हणजे काठाच्या मातीतून कधी कधी एखादा मोठा पाषाण उघडा पडतो. रंगाने, आकाराने वा जडपणाने तो भोवतालच्या दगडांहून निराळा असला, की गावात नाना तर्क सुरू होतात. तो आकाशातून पडला असे कोणी म्हणतो. त्यात धातू आहे असे दुसऱ्यास वाटते. तिसरा घण घेऊन धावतो. अखेरीस प्रश्न शाळेत येतो. शिक्षकाने तेथल्या तेथे निर्णय देण्याची घाई करू नये. दगड कसा ओळखावा, हे विद्यार्थ्यांस शिकविण्याची ही उत्तम संधी समजावी.

पूर्वज्ञान. खानदेशाची भूमी मुख्यत्वे काळ्या पाषाणाची, म्हणजे बसाल्टची, आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस थरावर थर वाहत आला व थंड होऊन हा पाषाण बनला. वाघूर नदीच्या काठी अजिंठ्याची लेणी ज्या कड्यात कोरली आहेत, तो कडाही याच पाषाणाचा आहे. धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत शेतांमधून लांबच लांब गेलेल्या दगडी भिंती दिसतात. त्या कोणी बांधलेल्या नाहीत. भेगांतच गोठलेला हा लाव्हारस असून बहुतेक भिंती पूर्व-पश्चिम जातात. विद्यार्थ्यांस आपल्या गावचा दगड आधी परिचित असावा. त्यावाचून निराळा दगड ओळखता येणार नाही.

साहित्य. ताणकाटा, दोरा, पाण्याची बादली, लहान लोहचुंबक, भिंग, दोरीचे माप, वही.

निरीक्षणाचा क्रम. ओढ्यास पाणी असताना विद्यार्थ्यांस तेथे नेऊ नये. पाषाण हलविण्यापूर्वी त्याची जागा, लांबी-रुंदी व भोवतालची माती यांची नोंद करावी आणि छायाचित्र वा रेखाचित्र काढावे.

१. *तो कोठून आला?* यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातील ओढ्यांनी मोठमोठे गोटे आणून टाकले आहेत. तेथे मोठा दगड दिसणे नवलाचे नाही. तापीकाठच्या खोल गाळाच्या जमिनीत मात्र तसा दगड आढळल्यास तो पुराने आणला की माणसाने, याचा शोध घ्यावा. गुळगुळीत गोटा बहुधा दूरवरून घरंगळत आलेला असतो. धारदार कोनांचा दगड जवळचाच असतो. परंतु बसाल्ट जागच्या जागी झिजतानाही कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत जातो व मध्ये गोल गाभा उरतो. म्हणून गोलाईबरोबर पापुद्रेही पाहावेत.

२. *पृष्ठभाग कसा आहे?* दगडात बारीक पोकळ्या असून त्यांत पांढरे वा हिरवट खनिज भरलेले दिसल्यास तो बहुधा आपल्याच भूमीचा बसाल्ट होय. लाव्हारसातील वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पुढे झिओलाइट, गारगोटी व अकीक तयार झाले. दगड जड, काळा, पण बुडबुड्यांनी सच्छिद्र व काचेसारखा चकचकीत असेल, तर तो जुन्या भट्टीतील लोहकीट असू शकेल.

३. *लोहचुंबक काय सांगतो?* दोऱ्याने टांगलेला चुंबक दगडाकडे ओढला गेला, की पुष्कळ जण त्यास अशनी ठरवितात. हे योग्य नव्हे. बसाल्टमध्येही चुंबकाने ओढले जाणारे लोहखनिज असते.

४. *जडपणा किती?* शेजारी आपोआप सुटून पडलेला तुकडा घ्यावा. तो हवेत ३०० ग्रॅम व पाण्यात पूर्ण बुडवून टांगला असता २०० ग्रॅम भरला, तर वजनातील घट १०० ग्रॅम. ३०० ला १०० ने भागून ३ हे विशिष्ट गुरुत्व मिळते. बसाल्टचे विशिष्ट गुरुत्व साधारण २.८ ते ३, दगडी अशनींचे बहुधा ३.३ ते ३.७ व लोखंडाचे सुमारे ७.८ असते. तुकडा सुटा नसेल, तर परीक्षेसाठी दगड फोडू नये.

मानेगावचा अशनी. आकाशातून दगड पडण्याची घटना आपल्या जिल्ह्यातही घडलेली आहे. २९ जून १८४३ रोजी एदलाबादजवळील (आजचे मुक्ताईनगर) मानेगाव येथे अशनी पडला व तो जगाच्या अशनीसूचीत त्याच गावाच्या नावाने नोंदला गेला. तो डायोजेनाइट या दुर्मिळ वर्गातील आहे. असे दगड वेस्टा या लघुग्रहावरून सुटून आले, असे शास्त्रज्ञ मानतात. २०११–१२ मध्ये डॉन यानाने वेस्टाचे जे निरीक्षण केले, त्याने या मतास बळकटी आली. या वर्गात धातू फारच अल्प असल्यामुळे चुंबकाची परीक्षा येथे जवळजवळ निरुपयोगी ठरते. केवळ चुंबकावर विसंबणारा मनुष्य साध्या बसाल्टला अशनी म्हणेल आणि मानेगावसारखा खरा अशनी टाकून देईल! नुकत्याच पडलेल्या अशनीवर पातळ काळे कवच असते, त्यावर कधी अंगठ्याने दाबल्यासारखे खळगे दिसतात आणि आत बुडबुडे नसतात. अनेक खुणा जुळल्या, तरच संशय घ्यावा.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता. ज्या दगडास गावाने शेंदूर लावला आहे, त्यास हात लावू नये; लोकांच्या भावनेचा मान राखून दुरूनच निरीक्षण करावे. दगडाजवळ पाते काढल्यासारख्या गारगोट्या आढळल्यास त्या जागच्या हलवू नयेत. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथील उत्खननात अश्मयुगीन हत्यारे व शहामृगाच्या अंड्याच्या कवचावरील कोरीव काम सापडले आहे. वस्तू जागेवरून हलली, की तिचा निम्मा इतिहास नाहीसा होतो. अशनीचा सबळ संशय आल्यास तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणास कळवावे. घणाचा एक घाव जो पुरावा नष्ट करतो, तो पुन्हा जुळविता येत नाही. निर्णय होत नसेल, तर वर्गापुढे “हे अद्याप ठरलेले नाही” असे स्पष्ट सांगावे; त्यात कमीपणा नाही.

स्वाध्याय. (१) गावच्या ओढ्यातील पाच निरनिराळे दगड गोळा करून त्यांची रंग, पोकळ्या, चुंबक व विशिष्ट गुरुत्व या चार मुद्द्यांवर तक्त्यात नोंद करा. (२) गोल दगड नेहमी दूरवरूनच आलेला असतो काय? कारणे द्या. (३) चुंबकाने ओढला जाणारा प्रत्येक दगड अशनी का नसतो?