तुरुंगाच्या भिंतीआड आरोग्यज्ञान

तुरुंगाची भिंत मनुष्यास अडविते, रोगास नाहीं. शिक्षा भोगून बंदिवान घरीं परततो, तेव्हां त्याचें आरोग्य हें त्याच्या बायकामुलांचेंही आरोग्य असतें.

एड्सला कारण होणारा एच्. आय्. व्ही. हा विषाणु दूषित रक्तानें, अनेकांनीं वापरलेल्या एकाच सुईनें, असुरक्षित शरीरसंबंधानें व मातेकडून बालकास जडतो. स्पर्शानें, सहभोजनानें वा डांसाच्या दंशानें जडत नाहीं. हें ज्ञान नसल्यास बराकींत गोंदण्याची एकच सुई अनेकांचा घात करूं शकते, आणि रोगी सोबती विनाकारण वाळींत पडतो.

आपल्या भोसरीस १९९२ सालीं ह्या रोगाच्या संशोधनार्थ राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. २००४ पासून सरकारी रुग्णालयांत औषधें विनामूल्य मिळूं लागलीं. तीं नेमानें घेणारा रोगी दीर्घकाळ जगतो. २०१७ च्या कायद्यानें सरकारच्या ताब्यांतील प्रत्येकास, अर्थात् येरवड्याच्या बंदिवानासही, प्रतिबंध, सल्ला, तपासणी व उपचार ह्यांचा हक्क दिला.

परंतु प्रयोगशाळेंतील ज्ञान बराकीपर्यंत पोंचेल, तेव्हांच तें सार्थ होईल. न्यायालय स्वातंत्र्य हिरावितें. आरोग्य हिरावण्याची शिक्षा त्यानें कोणासही दिलेली नाहीं.