गोड धिरडी आणि गणित : घरी करून पाहायचा एक पाठ



'अर्ध्याची दीडपट किती?' असं विचारलं की तिसरी-चौथीची बरीच मुलं गप्प होतात. पण 'आज घरी सहा जण आहेत, गूळ किती घेऊ?' असं विचारलं तर तीच मुलं विचार करू लागतात. कारण उत्तर चुकलं तर धिरडं अगोड लागणार, हे त्यांना कळतं. म्हणून हा पाठ स्वयंपाकघरात घ्या.

घटक : अपूर्णांक, मापन, पट
इयत्ता : तिसरी ते पाचवी
वेळ : सुमारे एक तास

साहित्य (चार जणांसाठी, तळहाताएवढी साधारण 8 धिरडी)

• कणीक – 1 वाटी
• चिरलेला गूळ – अर्धी वाटी
• पाणी – 1 वाटी
• तांदळाचं पीठ – 2 चमचे
• चिमूटभर मीठ, असल्यास वेलची पूड, तव्याला लावायला तेल किंवा तूप

कृती

1. कोमट पाण्यात गूळ विरघळवून ते पाणी गाळून घ्या.
2. त्यात दोन्ही पिठं आणि मीठ घालून गुठळ्या मोडा. पीठ पळीतून सहज पडेल इतकं सैल हवं. घट्ट वाटलं तर चमचाभर पाणी वाढवा.
3. 10 मिनिटं झाकून ठेवा.
4. तव्याला तेल लावून मध्यम आचेवर पळीभर पीठ घाला. वरचा ओलेपणा गेला की उलटा. गुळामुळे धिरडं लवकर करपतं, आच मोठी करू नका.

मोजणं, कालवणं, मुलाने किंवा मुलीने स्वतः करावं. तव्याजवळ मात्र मोठं माणूस हवंच.

आता गणित

सहा जणांसाठी सगळं दीडपट घ्यायचं. कणीक दीड वाटी, पाणी दीड वाटी, तांदळाचं पीठ 3 चमचे. आणि गूळ? अर्धी वाटी आणि तिच्या निम्मी, म्हणजे पाव वाटी; मिळून पाऊण वाटी. इथे लगेच उत्तर सांगू नका. मुलाला आधी अर्धी वाटी भरू द्या, मग पाव वाटी त्यात घालू द्या. पाव, अर्धा, पाऊण, दीड हे शब्द पाढ्यातून निघून वाटीत उतरतात ते असे. दोघांसाठी किती, हे त्याला स्वतः लिहू द्या.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा : माणसं वाढली की काय काय वाढतं? पीठ वाढतं, गूळ वाढतो. पण झाकून ठेवायची 10 मिनिटं तेवढीच राहतात. एक धिरडं भाजायला लागणारा वेळही तोच. एकाला 3 मिनिटं लागली तर 12 धिरड्यांना 36 मिनिटं. तव्यावर एका वेळी दोन बसली तर 18. 'माणसं वाढली की गुणायचं' एवढंच पाठ करणारं मूल इथे थांबतं. काय गुणायचं आणि काय नाही, हे ठरवता येणं म्हणजेच गणित समजणं.

तिसरा प्रश्न वाटीचा. कोणती वाटी घ्यायची? कोणतीही चालेल, पण कणीक, गूळ आणि पाणी एकाच वाटीने मोजायचं. वाटी मोठी झाली तरी प्रमाण तेच राहतं, फक्त धिरडी जास्त होतात.

वर्गात काय करावं

प्रत्येकाने घरून तीन नोंदी आणाव्यात : किती वाट्या कणीक, किती माणसं, किती धिरडी झाली. एका वाटीत कुणाची सहा होतील, कुणाची दहा. असं का, यावर मुलांनाच बोलू द्या. वाटीचा आकार, पळीचा आकार, धिरड्याची जाडी ही कारणं त्यांच्याकडूनच येतील. मग लीटर आणि मिलिलीटर कशासाठी लागतात, हे वेगळं समजवावं लागणार नाही.

पालकांना एक विनंती. आई-आजी वाटी न घेता, नुसत्या अंदाजाने पीठ कालवतात. तो अंदाज अनेक वर्षांच्या मोजण्यातून आलेला असतो. एकदा आजीने घेतलेलं पीठ मुलाला वाटीने मोजून पाहायला सांगा. घरातही गणिताचं जाणकार माणूस आहे, हे त्याला त्या दिवशी कळेल.