पूरक धंदा, पाठ चौथा : रजेचा खर्च हिशेबात धरा



मागच्या पाठात धंद्याची वही घरखर्चाच्या वहीपासून वेगळी कशी ठेवावी, ते आपण पाहिले. आज त्याच वहीतले एक राहून गेलेले पान उघडायचे आहे. ते पान म्हणजे सुट्टी. कोणी म्हणेल, "शेतकऱ्याला कसली आलीय सुट्टी? सुट्टी नोकरदारांना." आम्हीही सात वर्षे असेच म्हणत होतो. ते म्हणणे आम्हाला किती महागात पडले, ते आधी सांगतो. मग धड्याकडे वळू.

आमच्याच गोठ्याची गोष्ट

आम्ही दोघे भाऊ आणि घरातल्या दोघी जावा. २०१२ साली दोन गाईंवर दुधाचा धंदा सुरू केला. उसाचे वाढे होते, विहिरीला पाणी होते, डेअरी गावातच होती. २०१६ पर्यंत गाई पाच झाल्या. दर दहा दिवसांनी दुधाचे पैसे हातात येत, म्हणून धंदा चांगला चाललाय असे आम्हाला वाटे. पण पहाटे साडेचारला उठायचे आणि रात्री नऊला गोठ्याचा दिवा मालवायचा, यात वर्षातला एक दिवस सुटत नव्हता. पाहुण्यांच्या लग्नाला जायचे, अक्षता पडल्या की न जेवताच माघारी फिरायचे, कारण संध्याकाळची धार.

२०१९ सालच्या ज्येष्ठात थोरल्या वहिनींच्या पोटात दुखू लागले. डॉक्टर म्हणाले, पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशन करून घ्या. वहिनी म्हणाल्या, "आठ दिवस पडून राहिले तर धार कोण काढणार?" दोन गाई तर त्यांच्याशिवाय दुसऱ्याला कासेला हात लावू देत नव्हत्या. आम्हीही गप्प बसलो. आज-उद्या करता करता दोन महिने गेले. श्रावणात एका रात्री दुखणे अनावर झाले आणि जीप करून तालुक्याला न्यावे लागले. बिल साठ हजारांच्या वर गेले. धंद्याची म्हणून एक पैची शिल्लक नव्हती. दोन दुभत्या गाई घाईत, व्यापारी म्हणेल त्या भावाला द्याव्या लागल्या.

वहिनी बऱ्या झाल्या, हे नशीब. पण दवाखान्याच्या खाटेवर त्या सहज बोलून गेल्या, "सात वर्षांत पहिल्यांदाच पाच वाजून गेल्यावरही झोपले." ते ऐकून आमची मान खाली गेली. ज्या धंद्यात दुखणे काढायलाही सवड नाही, त्याला धंदा कशाला म्हणायचे? ती तर बिनपगारी वेठ झाली.

कारखान्याकडे बघा

आपला कारखाना हंगामात रात्रंदिवस चालतो. एकदा गव्हाणीत मोळी पडली, की पट्टा सहसा थांबत नाही. पण कारखाना चोवीस तास चालतो म्हणून कोणी एक माणूस चोवीस तास चालत नाही. तीन पाळ्या असतात. बॉयलरवरचा माणूस रजेवर गेला तर बदली माणूस उभा असतो, आणि त्याला काम आधीपासून येत असते. हंगाम संपला की यंत्रे उघडून त्यांची देखभाल-दुरुस्ती होते. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगाराला आठवड्याची सुट्टी दिली. शिवाय वर्षात २४० दिवस भरले, तर दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजेचा हक्क दिला.

पैशाचेही तसेच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६६ प्रमाणे संस्थेला नफ्यातला किमान चौथा हिस्सा दरवर्षी राखीव निधीला टाकावा लागतो. तो टाकल्यावरच बाकीच्या वाटपाचे बोलायचे.

म्हणजे जो कारखाना आपण भागभांडवल घालून उभा केला, त्यात बदली माणूस, पगारी रजा आणि राखीव निधी या तिन्ही गोष्टी आहेत. आणि आपल्याच घरच्या गोठ्यात, गिरणीत, दुकानात यातली एकही नाही. या पाठाचे सार एवढेच, की या तीन गोष्टी छोट्या धंद्यातही बसवता येतात. पण त्या पहिल्यापासून खर्चात धराव्या लागतात. उरले तर बघू म्हटले, की कधीच उरत नाही.

धंद्याची जात ओळखा

सुट्टीच्या दृष्टीने पूरक धंद्याच्या तीन जाती आम्ही मानतो.

पहिला, थांबणारा धंदा. उदाहरणार्थ ऊस रोपवाटिका. आडसालीची लावण जुलै-ऑगस्टला, पूर्वहंगामीची ऑक्टोबर-नोव्हेंबरला, सुरूची जानेवारीच्या आगेमागे. ट्रेमध्ये एक डोळ्याची कांडी लावली, की साधारण महिना-सव्वा महिन्यात रोप लावणीला येते. तेव्हा ज्या आठवड्यात मोकळे राहायचे असेल, तिथून दीड महिना मागे मोजावे आणि त्या काळात नवे ट्रे भरू नयेत. इथे सुट्टी कॅलेंडरवरच बसते. मात्र जे महिने धंदा बंद, त्या महिन्यांचा घरखर्च हंगामातच बाजूला काढून ठेवावा लागतो.

दुसरा, वाट बघणारा धंदा. पिठाची गिरणी, शिवणकाम, सायकल-मोटारसायकल दुरुस्ती. दळणाचा डबा एक दिवस थांबला तर बिघडत नाही. फक्त गिऱ्हाइकाला आधी माहीत पाहिजे. दोन महिने रोज किती डबे येतात ते लिहा. ज्या वाराला सगळ्यांत कमी येतात, तो वार बंदचा ठरवा आणि दारावर ठळक पाटी लावा. महिन्याभरात गावाला सवय होते. गिऱ्हाईक तुटते ते बंदमुळे नव्हे, मनाला येईल तेव्हा बंद ठेवल्यामुळे तुटते.

तिसरा, न थांबणारा धंदा. दूध, कोंबड्या, खाणावळ. गाईला रविवार कळत नाही. इथे धंदा थांबवता येत नाही, म्हणून माणूस बदलता आला पाहिजे. आमचा हाच प्रकार, आणि आपल्यापैकी कित्येकांचा हाच. म्हणून पुढचा हिशेब दुधाचाच घेऊ.

हिशेब मांडून बघू

हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. आपापले आकडे घालून ताळा करावा.

पाच गाई, त्यांतल्या चार दुधावर. गाईला १० लिटर धरले तर रोजचे ४० लिटर. दर लिटरला ३२ रुपये. महिन्याची आवक ३८,४०० रुपये. शेणखत आणि वासरांची किंमत इथे धरलेली नाही.

खर्च असा : दुभत्या गाईंची पेंड व खुराक १८,००० रुपये, भाकड गाईचा खुराक १,५०० रुपये, वैरण ६,००० रुपये, डॉक्टर व औषधे १,५०० रुपये, वीज व किरकोळ ९०० रुपये. एकूण २७,९०० रुपये. वैरण घरची असली तरी ती फुकट नसते, म्हणून तिची किंमत धरली आहे.

उरले १०,५०० रुपये. इथेच बहुतेक जण वही मिटतात आणि "साडेदहा हजार सुटले" म्हणतात. थांबा. दोन माणसे रोज तीन-तीन तास गोठ्यात असतात. महिन्याचे १८० तास झाले. तासाला ५० रुपये मजुरी धरली तर ९,००० रुपये आपल्याच घामाचे आहेत. धंद्याचा खरा नफा उरला १,५०० रुपये!

आता महिन्यात चार दिवस सुट्टी घ्यायची म्हटले आणि बदली माणसाला रोज सहा तासांचे ३०० रुपये दिले, तर १,२०० रुपये तिथेच गेले. उरलेल्या ३०० रुपयांत गाय म्हातारी झाल्यावर दुसरी कशी आणायची, आणि दुखण्याला पैसा कुठून काढायचा? म्हणजे या घडीला हा धंदा सुट्टी पेलत नाही. आमचे नेमके हेच होते. पण आम्ही कधी मांडून बघितलेच नाही.

मग उपाय काय? गाई वाढवल्या तर तासही वाढतात. आम्ही उलटे केले. ४० पैकी १० लिटर दूध गावातच घरोघर ५० रुपयांनी घालायला लागलो. लिटरमागे १८ रुपये जादा, म्हणजे महिन्याला ५,४०० रुपये. दूध घालायला रोज एक तास जातो, त्याची मजुरी १,५०० रुपये वजा करा. ३,९०० रुपये राहिले. आधीचे १,५०० धरून खरा नफा ५,४०० रुपये झाला. त्याची वाटणी अशी :

बदली माणूस, चार दिवस, रोज सात तासांप्रमाणे : १,४०० रुपये.
नव्या गाईसाठी बाजूला : २,३०० रुपये.
राखीव : १,७०० रुपये.

राखीव चौथ्या हिश्श्याहून जास्तच पडला. आणि सव्वा वर्षात त्याचे २५,५०० रुपये होतात, म्हणजे एक महिन्याची सगळी वैरण आणि खुराक. एखादा महिना दूध आटले, दर पडला किंवा घरात आजारपण आले, तरी गाय विकायची वेळ येत नाही. ही रक्कम बँकेत वेगळ्या खात्यावर ठेवावी. घरच्या खात्यात ठेवली, की सणाला कधी संपली ते कळत नाही.

उसाच्या बिलाची गोष्ट वेगळी आहे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावे असा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. पण आडसाली ऊस शेतात सोळा-अठरा महिने उभा असतो. पैसा येतो तो एकदम. त्या पैशाने धंद्यातली भोके बुजवत गेलो, तर धंदा तोट्यात आहे हे वर्षानुवर्षे समजतच नाही.

बदली माणूस कसा तयार करावा

पैसा बाजूला पडला तरी माणूस तयार नसेल तर सुट्टी मिळत नाही. आमची पहिली खेप फसली. शेजारचा पोरगा एक वेळ बघून गेला होता, तेवढ्यावर त्याच्या हाती गोठा सोपवून आम्ही सगळे जेजुरीला गेलो. परत आलो तर एका गाईची कास पुरती मोकळी झालेली नव्हती आणि तिला दगडी झाली. औषधपाण्याला सुट्टीच्या तिप्पट खर्च आला. पोराची चूक नव्हती. त्याला शिकवले नाही, ही आमची चूक.

दुसऱ्या खेपेला सावकाश घेतले. नवा माणूस महिनाभर आमच्याबरोबर धारेला बसला. गाईंना त्याच्या हाताची आणि आवाजाची सवय झाली. मग एक संध्याकाळ त्याच्यावर सोडली, आम्ही घरातच होतो. मग एक पुरा दिवस. मग दोन. चार दिवस बाहेर राहायला आम्हाला पाच महिने लागले.

गोठ्याच्या भिंतीला फळा केला. प्रत्येक गाईचे नाव, खुराक किती, रेतन कधी झाले, कधी आटवायची, कोणती गाय लाथ मारते, जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर, सगळे खडूने लिहिलेले. पूर्वी हे सगळे वहिनींच्या डोक्यात होते. एकाच माणसाच्या डोक्यात असलेला धंदा त्या माणसाबरोबरच आजारी पडतो.

मजुरी परवडत नसेल तर आपल्याकडे जुनी सावड आहेच. पेरणी-मळणीला आपण एकमेकांकडे जात होतो, तसे दोन शेजारी गोठेवाल्यांनी महिन्यातले दोन-दोन दिवस अदलाबदल करावे. पैसा लागत नाही. मात्र कोणाचे किती दिवस झाले ते लिहून ठेवावे. बिनलिखापढीची सावड भांडणाला कारण होते.

आणखी एक. गाय विण्याआधी दोन महिने आटवावीच लागते. दोन गाई एकाच सुमाराला आटतील अशी आखणी जमली, तर तेवढे दिवस काम हलके होते. देवदर्शन, माहेरपण, घरातली शस्त्रक्रिया त्या दिवसांत ठरवावी. हा आपल्या गोठ्याचा बिगरहंगाम समजावा.

स्वाध्याय

१. आपला धंदा वरच्या तिन्हींपैकी कोणत्या जातीचा, ते लिहा.
२. घरातली कोणकोणती माणसे धंद्यात रोज किती तास घालतात, ते आठ दिवस मांडा. बायकांचे तास विसरू नका. आमच्या घरी ते सगळ्यांत जास्त निघाले.
३. सगळ्यांची मजुरी वजा करून खरा नफा काढा.
४. त्यातून चार दिवसांच्या बदलीचा खर्च निघतो का? निघत नसेल तर माल वाढवण्याऐवजी लिटरमागे, डब्यामागे, रोपामागे जादा काय मिळेल, ते बघा.
५. उद्या आपण अंथरुणाला खिळलो तर धंदा कोण चालवील? त्या माणसाचे नाव लिहा. नाव सुचत नसेल तर बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून आधी तो माणूस तयार करायला लागा.

आमच्याकडे आता चारच गाई आहेत. पण महिन्यातले चार दिवस गोठा आमच्याविना चालतो, आणि गेल्या दिवाळीला वहिनी पाडव्यापासून चांगल्या पाच दिवस माहेरी राहिल्या. भाऊबिजेला जेवूनही आल्या.

पुढच्या पाठात धंद्यासाठी कर्ज घ्यावे की नाही, आणि घेतले तर किती, याचा विचार करू. तोवर स्वाध्याय पुरा करून ठेवावा.