ऊतिशास्त्र आणि भ्रूणशास्त्र: प्रवेशाआधी प्रयोगशाळा पाहा

नीटचा निकाल लागला की जीवशास्त्र आवडणाऱ्या मुलांच्या घरी ठरलेला हिशेब मांडला जातो: एमबीबीएस, नाहीतर बीडीएस, नाहीतर ‘मग नुसतं बीएस्सी’. ऊतींचा (पेशीसमूहांचा) अभ्यास करणारं ऊतिशास्त्र आणि भ्रूणाच्या वाढीचा अभ्यास करणारं भ्रूणशास्त्र ही नावं त्यात येतच नाहीत. कॅन्सरचं निदान, वंध्यत्वावरचे उपचार आणि जातिवंत जनावरांची पैदास या तिन्हींचा पाया मात्र याच विषयांत आहे. इकडे वळणाऱ्यांनी कॉलेजच्या नावाआधी एक गोष्ट तपासावी, असं माझं ठाम मत आहे: मुलाच्या हाताला आणि नजरेला तिथे प्रत्यक्ष किती काम मिळतं?

कामाचं स्वरूपच तसं आहे. गाठीचा तुकडा हिस्टोपॅथॉलॉजी विभागात फॉर्मलिनमध्ये येतो. अल्कोहोलनं त्यातलं पाणी काढायचं, झायलीनमधून न्यायचा, पॅराफिनमध्ये ब्लॉक करायचा आणि मायक्रोटोमवर 3 ते 5 मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे. कोमट पाण्यावर तरंगणारा काप काचपट्टीवर उचलताना सुरकुती पडली किंवा बोथट पात्याचा ओरखडा उठला, तर निष्णात पॅथॉलॉजिस्टलाही पेशी नीट वाचता येत नाहीत. आयव्हीएफ प्रयोगशाळेत तर बिघडलेला नमुना पुन्हा मिळेलच असं नाही. फलनाला 16 ते 18 तास झाले की दोन प्राक्केंद्रकं (एक बीजांडाचं, एक शुक्राणूचं) दिसतात का ते पाहायचं, तिसऱ्या दिवशी साधारण 6 ते 8 पेशी मोजायच्या, पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट तपासायचा. त्याच्या आतल्या पेशीपुंजापासून बाळ घडतं, बाहेरच्या थरापासून वार. कोणता भ्रूण गर्भाशयात सोडण्याजोगा आहे हे ओळखणारी नजर आकृत्या घोकून येत नाही. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, तेव्हा डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्याबरोबर प्रजननशास्त्राचे संशोधक टी. सी. आनंद कुमार होते. त्या यशात प्रयोगशाळेचा वाटा दवाखान्याइतकाच मोठा होता, आणि पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

‘पण पदवीशिवाय कोण विचारतं?’ हा आक्षेप रास्त आहे. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा 2021 मध्ये आला आणि त्याखालच्या नियमांनी एम्ब्रायॉलॉजिस्टची पात्रता ठरवून दिली. त्यात शिक्षणाबरोबर प्रयोगशाळेतला अनुभवही मागितला आहे, म्हणजे चार दिवसांच्या सर्टिफिकेट कोर्सवर विसंबून चालणार नाही आणि जम बसायला काही वर्षं जातील. हे मुलाला आधीच स्पष्ट सांगावं. पशुवैद्यकाची आवड असेल तर नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाच्या पदवीत हे दोन्ही विषय शरीररचनाशास्त्राबरोबर शिकवले जातात. गायीच्या गर्भाशयातून सातव्या दिवशी भ्रूण काढून दुसऱ्या गायीत सोडण्याचं तंत्र त्यावरच उभं आहे. ‘एआय हे सगळं खाऊन टाकेल’ ही धास्तीही ऐकू येते. सॉफ्टवेअर स्लाइड वाचायला मदत करतं, पण खराब कापलेल्या स्लाइडवर तेही अडखळतं आणि त्याचा निष्कर्ष पडताळायला जाणकार माणूस लागतोच.

म्हणून प्रवेशाआधी पालकांनी मुलासह विभागात जावं. एका मायक्रोटोमवर किती विद्यार्थी? ब्लॉक मुलं स्वतः कापतात की तयार स्लाइडच बघतात? प्राण्यांच्या बीजांडांवर सराव होतो का? चालू आयव्हीएफ प्रयोगशाळेत किती महिने काढायला मिळतात? उत्तरं गोलमोल आली तर फी भरायची घाई करू नये.