मोठ्या फायली आणि बाहेरची हार्ड डिस्क

आदिलाबाद



बाहेरच्या हार्ड डिस्कवर मोठी फाइल उतरवताना पहिली अडचण बहुधा जागेची नसते, डिस्कच्या मांडणीची असते. १ टेराबाइटची डिस्क जवळजवळ रिकामी आहे, फाइल अवघी ६ गिगाबाइटची आहे, आणि तरीही ‘ही फाइल या डिस्कसाठी फार मोठी आहे’ असा संदेश येतो. अशा वेळी डिस्क बिघडलेली नसते. ती फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असते. ही पद्धत १९९६ साली विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. तीत प्रत्येक फाइलची लांबी ३२ बिटांच्या एका रकान्यात नोंदली जाते आणि त्या रकान्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५ हा आहे. म्हणजे ४ गिगाबाइटला १ बाइट कमी. त्यापुढची फाइल लिहिण्याची सोयच त्या डिस्कवर नसते.

आदिलाबादसारख्या जिल्ह्यात चित्रीकरणाचे काम करणाऱ्याला ही मर्यादा फार लवकर गाठते. केस्लापूरची नागोबाची जत्रा किंवा दिवाळीच्या सुमाराची गोंडांची दंडारी, म्हणजे त्यांचा नृत्योत्सव, टिपायची, तर फोर-के चित्रीकरण साधारण सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने साठते. तासाला ४५ गिगाबाइट. ४ गिगाबाइट सहा मिनिटांच्या आत भरतात. ३२ गिगाबाइटपर्यंतच्या कार्डावर कॅमेरा स्वतःच चित्रीकरणाचे तुकडे पाडत जातो, म्हणून तिथे काही जाणवत नाही. तुकडे जोडून एकसंध चित्रफीत केली, किंवा स्टुडिओतल्या संगणकाचा पूर्ण बॅकअप एकाच फाइलमध्ये घेतला, की तीच मर्यादा आडवी येते.

उपाय डिस्कची मांडणी बदलण्याचा आहे आणि त्यासाठी दोन पर्याय आहेत. एनटीएफएस ही विंडोजची १९९३पासूनची मांडणी. तीत फाइलच्या आकाराची व्यवहारात मर्यादा नाही, आणि लिहिताना काय चालले होते याची नोंदवही ती स्वतःच ठेवते. एक्सफॅट ही २००६ साली आलेली, फॅट३२पेक्षा पुष्कळ मोकळी मांडणी. ती विंडोज, मॅक आणि आजचे लिनक्स या तिघांनाही लिहिता-वाचता येते. मॅकला एनटीएफएस डिस्क वाचता येते, पण तीवर लिहिण्यासाठी वेगळी व्यवस्था लागते. म्हणून वेगवेगळ्या संगणकांत फिरणाऱ्या डिस्कला एक्सफॅट सोयीचे. मात्र एक्सफॅटला ती नोंदवही नसते. लिहिताना वीज गेली किंवा केबल सुटली, तर एका फाइलपुरते नुकसान न राहता सगळी यादीच बिघडण्याचा धोका असतो. जिथे सारे काम विंडोजवर चालते आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही, तिथे कायम ठेवण्याच्या डिस्कसाठी एनटीएफएसच बरे.

फॉरमॅट केल्याने डिस्कवर आधीचे जे असेल ते जाते. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि तरी घाईत विसरली जाते, म्हणून फॉरमॅटच्या खिडकीत डिस्कचे नाव आणि आकार दोनदा वाचावा. डिस्कवर आधीच काही साठवलेले असेल, तर विंडोजमधली ‘कन्व्हर्ट’ ही आज्ञा फॅट३२ची डिस्क मजकूर न पुसता एनटीएफएस करते. पण महत्त्वाचे जे आहे ते त्याआधी दुसरीकडे घेतलेले असावे. सेव्हन-झिपसारख्या प्रोग्रामने मोठी फाइल तुकड्यांत कापून फॅट३२वरच बसवता येते. ती वाट अगदीच निरुपाय असेल तेव्हाची, कारण एक तुकडा हरवला किंवा खराब झाला, की बाकीचे सारे शाबूत असूनही मूळ फाइल धड जोडता येत नाही.

जागेचा हिशेब आधीच करावा. कंपनी १ टेराबाइट म्हणजे एकावर बारा शून्ये इतके बाइट धरते, विंडोज तेच १०२४च्या पटीत मोजते. म्हणून नवी कोरी डिस्कसुद्धा ९३१ गिगाबाइटची दिसते. त्यात फसवणूक नाही. डिस्क काठोकाठ भरू नये.

वेग केबल आणि पोर्ट ठरवतात. यूएसबी २.० पोर्टावर प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० मेगाबाइटच जातात, तर यूएसबी ३.० पोर्टावर साधी फिरती डिस्क १०० मेगाबाइटच्या पुढे जाते. २०० गिगाबाइटच्या कामाला पहिल्या ठिकाणी साधारण दीड तास किंवा अधिक लागतो, दुसऱ्या ठिकाणी अर्धा तास. यूएसबी ३.०चे पोर्ट बहुतेक संगणकांवर आतून निळे असते. सुरुवातीला वेग चांगला असून नंतर एकदम मंदावला, तर घाबरण्याचे कारण नाही. आजच्या पुष्कळ स्वस्त डिस्कांची रचनाच सलग मोठे लेखन सावकाश पेलणारी असते. डिस्क टकटक आवाज करत असेल, तर मात्र तिला पुरेशी वीज मिळत नसावी किंवा ती आतून बिघडत असावी. अशी डिस्क हबला न लावता संगणकाच्या मागच्या पोर्टाला थेट लावून पाहावी, आणि आवाज थांबला नाही तर तीवर काही साठवू नये.

वीज आणि ऊन यांचा विचार या जिल्ह्यात वेगळा करावा लागतो. लॅपटॉपवर काम असेल, तर बॅटरी भरलेली असावी आणि झाकण मिटल्यावर किंवा काही वेळ हात न लागल्यास झोपी जाण्याची सोय तेवढ्यापुरती बंद ठेवावी. रात्रभर चालावी म्हणून लावलेली कॉपी मध्यरात्रीच थांबलेली सापडते, ती बहुतेक वेळा याच कारणाने. मोठ्या डिस्कला स्वतःचा अडॅप्टर लागतो, तेव्हा संगणकाबरोबर तोही यूपीएसला जोडलेला असावा. बऱ्याच कंपन्या अशा डिस्कसाठी भोवतालचे ३५ अंशांपर्यंतचे तापमान योग्य मानतात, आणि आदिलाबादचा मे महिना त्याच्या कितीतरी पुढे जातो. म्हणून उन्हाळ्यात मोठी कॉपी पहाटे करावी. डिस्क कापडावर किंवा गादीवर ठेवू नये, आणि चालू असताना तिला जागेवरून हलवू नये, कारण तिच्या आत तबकडी आणि वाचणारे टोक यांत केसाच्या जाडीइतकेही अंतर नसते.

प्रत्यक्ष उतरवताना ‘कट’ कधीच वापरू नये, नेहमी ‘कॉपी’. कार्ड रिकामे करणे हे वेगळे काम आहे आणि ते शेवटचे आहे. दहा-वीस फायलींना विंडोजची नेहमीची खिडकी पुरते. शेकडो गिगाबाइट असतील, तर विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी किंवा लिनक्सवरची आरसिंक वापरावी. ती मध्येच तुटली तरी पुन्हा चालवता येते, झालेल्या फायली सोडून राहिलेल्यांवर जाते आणि काय उतरले, काय नाही, याची यादी देते. अर्धवट तुटलेल्या कॉपीबद्दल एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. विंडोज पुष्कळदा फाइलची पूर्ण जागा सुरुवातीलाच राखून ठेवते. त्यामुळे मध्येच केबल निघाली, तर डिस्कवर पूर्ण आकाराची फाइल दिसू शकते आणि तिचा उत्तरार्ध मात्र रिकामा असतो. आकार जुळला म्हणजे फाइल उतरली, असे म्हणता येत नाही.

यासाठी पडताळणी. या साऱ्या कामात सर्वाधिक टाळला जाणारा आणि सर्वाधिक मोलाचा भाग हाच आहे. फाइलमधल्या प्रत्येक बाइटावरून एक ठरावीक लांबीचा आकडा काढता येतो. एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ चिन्हांचा असतो. फाइलमधला एक बिट बदलला, तरी आकडा पूर्ण बदलतो. मूळ फाइलचा आणि डिस्कवरल्या प्रतीचा आकडा काढून दोन्ही जुळवावेत. त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही: विंडोजमध्ये सर्टयुटिल ही आज्ञा असते, लिनक्समध्ये एसएचए२५६सम. टेराकॉपीसारखे प्रोग्राम हे काम कॉपीबरोबरच करतात. मात्र कॉपी संपताच केलेली पडताळणी फसवी ठरू शकते. नुकतीच लिहिलेली फाइल संगणकाच्या स्मृतीत असते आणि संगणक डिस्कऐवजी तिथूनच ती वाचून देतो. म्हणून डिस्क रीतसर काढावी, पुन्हा जोडावी आणि मग आकडा काढावा. तासभर जास्त जातो. तो गेला तरी चालेल, कारण कार्ड पुसल्यानंतर गेलेले चित्रीकरण कुठूनही परत मिळत नाही. हे आकडे एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहून त्याच डिस्कवर आणि संगणकावरही ठेवले, तर पाच वर्षांनीही फाइल तशीच आहे का, हे तपासता येते.

लग्नाचे चित्रीकरण गेले, तर एका घराचे मोठे दुःख होते. इथल्या पुष्कळ चित्रीकरणांचे तर त्याहून व्यापक मोल आहे. दंडारीत होणाऱ्या गुसाडी नृत्याचे गुरू कनक राजू यांना २०२१ची पद्मश्री मिळाली आणि ऑक्टोबर २०२४मध्ये ते निवर्तले. त्यांची पावले ज्यांनी टिपली, त्यांच्याकडच्या फायलींची दुसरी आवृत्ती आता कोणालाही काढता येणार नाही. दंडारी पुढच्या वर्षी पुन्हा येते, नाचणारा माणूस येतोच असे नाही.

फायलींच्या नावांनीही कॉपी अडते. पैनगंगेकाठच्या जैनद आणि बेला मंडलांतल्या घरांतून मराठी नावे येतात, बाजारपेठेतून तेलुगू आणि इंग्रजी. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, साठवणीत ३ बाइट घेते आणि लिनक्सच्या नेहमीच्या डिस्क-मांडणीत नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. म्हणजे ८५ चिन्हे. विंडोजमध्ये फोल्डरांसकट पूर्ण पत्ता २६० चिन्हांपलीकडे गेला, की जुने प्रोग्राम फाइल सोडून देतात आणि तसे नीट सांगतही नाहीत. फोल्डरात फोल्डर घालण्याची सवय इथे महागात पडते. नाव आखूड असावे: आधी वर्ष, महिना, दिवस, मग गाव, मग प्रसंग. तारीख त्या क्रमाने लिहिली, की यादी आपोआप कालक्रमाने लागते. जिल्ह्याऐवजी गाव लिहिण्यालाही कारण आहे. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. कनक राजूंचे गाव मारलवाई आता कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. जुने आणि नवे चित्रीकरण ‘आदिलाबाद’ या एकाच नावाखाली ठेवले, तर दहा वर्षांनी कोणते गाव कुठले, हे शोधत बसावे लागते.

गोंडी लिपीबाबत आणखी काळजी हवी. नारनूर मंडलातल्या गुंजाला गावी सापडलेल्या हस्तलिखितांच्या लिपीला जून २०१८मध्ये युनिकोडच्या ११व्या आवृत्तीत जागा मिळाली. त्याआधीच्या संगणकांवर ती अक्षरे चौकटींसारखी दिसतात, आणि तिचे प्रत्येक चिन्ह ४ बाइट घेते. अशा मजकुराच्या फायली गोंडीत अवश्य असाव्यात. फाइलचे नाव मात्र देवनागरीत किंवा रोमन अक्षरांत ठेवावे आणि लागणारा फाँट त्याच फोल्डरात साठवावा.

काम संपल्यावर डिस्क रीतसर ‘इजेक्ट’ करूनच काढावी. विंडोज १०च्या २०१८च्या आवृत्तीपासून डिस्क झटकन काढता येईल अशी मूळ व्यवस्था आहे, पण ती बदललेली असू शकते आणि दुसऱ्या संगणकावर ती नसेलही. इजेक्ट होत नसेल, तर कोणता तरी प्रोग्राम फाइल धरून बसलेला असतो. तो सापडेना, तर संगणक बंद करून मग केबल काढावी.

एक प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी घालून दिलेला हिशेब जगभर पाळला जातो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. दुसरी जागा म्हणजे दुसरे कपाट नव्हे. जुलै २०२२मध्ये कडम धरणाच्या पाण्यामुळे खालच्या गावांतल्या लोकांना घाईने बाहेर काढावे लागले. अशा वेळी कपाटातली डिस्क घेण्याचे भान कोणाला राहत नाही आणि राहूही नये. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९४०च्या दशकात मारलवाईत राहिले. त्यांनी टिपलेली गोंडांची छायाचित्रे आणि चित्रफिती आज पाहता येतात, कारण त्या लंडनच्या सोआस या संस्थेच्या संग्रहात सांभाळल्या गेल्या. आदिलाबादच्या स्टुडिओसाठी दुसरी जागा नांदेडची, यवतमाळची किंवा हैदराबादची, नात्यातल्या एखाद्या घरची असू शकते. डिस्क सामानात न टाकता मऊ आवरणात घालून, हातातल्या पिशवीतून न्यावी. ज्यांचे चित्रीकरण आहे त्यांनाही त्यांची प्रत द्यावी. ते त्यांचे आहे, आणि ती आणखी एक जागा होते.

बंद ठेवलेली डिस्कही जुनी होते. वर्षातून एकदा, थंडीच्या दिवसांत, प्रत्येक डिस्क जोडून लिहून ठेवलेले आकडे पुन्हा काढून जुळवावेत. एक जरी फाइल जुळली नाही, तरी दुसऱ्या प्रतीवरून ती लगेच नव्या डिस्कवर उतरवावी आणि बिघडलेल्या डिस्कवर पुन्हा काही लिहू नये. डिस्कवर खरेदीचे वर्ष चिकटवलेले असावे. चार-पाच वर्षे झालेली डिस्क चालत असली, तरी तिच्यावरचे सारे नवीवर घेऊन, आकडे जुळवून, मगच तिला दुय्यम कामाला लावावे.

— मामा